अंडी कधी फुटणार? पाण्याचं तापमान आणि माशांची पिल्लं: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातले बरेच प्रश्न राजेंद्र नगर, सुदामा नगर, रामबाग भागातल्या घरांतून येतात, जिथे गॅलरीत किंवा हॉलमध्ये काचेचा टँक आहे आणि फायटर, एंजल नाहीतर गोल्डफिशने पहिल्यांदाच अंडी दिली आहेत. काही प्रश्न महू, देपालपूर, सिमरोलकडे शेततळं असलेल्यांचे आहेत. मासे वेगळे, पाणी वेगळं, पण अडचण बहुतेक वेळा एकच निघते: दुपारी पाणी किती तापलं हे सगळे बघतात, पहाटे किती उतरलं ते कोणी बघत नाही.

आधी आकडा सांगा. किती डिग्री ठेवायचं?

रोहू, कटला, मृगळ यांच्या अंड्यांना २६ ते ३१ अंश चालतं, त्यातही २७-२८ च्या आसपास उत्तम. सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्पला २० ते २५. गोल्डफिशही त्याच घराण्यातला, त्याला २० ते २४ पुरे. फायटर आणि एंजलला २६ ते २८. झेब्राफिशसाठी जगभरच्या प्रयोगशाळांनी २८.५ अंश हे प्रमाण धरलं आहे. ट्राउटला ८ ते १२ अंश लागतं, म्हणजे तो विषय काश्मीर-हिमाचलचा. इंदूरमध्ये ट्राउटची अंडी उबवायची तर चिलर लावा आणि विजेचं बिल भरा.

सगळे सेल्सिअस आहेत. पण आकडा पाठ केला की काम झालं असं नाही. २७ ऐवजी २५.५ अंशांवर स्थिर राहिलेलं पाणी हे दुपारी २९ आणि पहाटे २१ होणाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी बरं.

तापमानाने अंड्यात नक्की होतं काय?

माशाच्या अंड्याला स्वतःची ऊब नसते. कोंबडी अंड्यांवर बसते, मासा बसत नाही. बाहेरचं पाणी जितकं गरम, तितकाच आतला गर्भ गरम. पेशींचं विभाजन, बलक पचवणं, हृदयाचे ठोके ही सगळी रासायनिक कामं आहेत, आणि १० अंश वाढले की अशा कामांचा वेग साधारण दुपटी-तिपटीने वाढतो. म्हणून पाण्याचं तापमान हेच गर्भाचं घड्याळ.

फुटण्याचंही तसंच. पिल्लू नुसतं धडपडून कवच फोडत नाही. त्याच्या डोक्याजवळ, काही माशांत बलकाच्या पिशवीवर, छोट्या ग्रंथी असतात. त्यांतून एक विकर पाझरतं आणि कवच आतून मऊ करतं. मग शेपटीचे दोन-चार झटके बसतात आणि पिल्लू बाहेर येतं. थंड पाण्यात ग्रंथी तयार व्हायलाही उशीर होतो आणि विकराचं कामही मंद चालतं. उलट पाण्यातला ऑक्सिजन कमी पडला तर पुष्कळ जातींची पिल्लं वेळेआधीच कवच सोडतात. त्यामुळे "आमची तर एक दिवस आधीच फुटली" असं कोणी आनंदाने सांगितलं की मी आधी विचारतो, हवेचा दगड (पंपाची हवा पाण्यात बारीक बुडबुड्यांनी सोडणारा) चालू होता का?

किती तासांत किंवा दिवसांत फुटतील हे आधी सांगता येतं का?

बऱ्यापैकी येतं. जुनी रीत अशी: रोजचं सरासरी तापमान आणि दिवस यांचा गुणाकार करायचा. त्याला अंश-दिवस म्हणतात. कॉमन कार्पला साधारण ६० ते ७० अंश-दिवस लागतात. पाणी सरासरी २१ अंश असेल तर तीन दिवसांच्या थोडं पुढे-मागे, २५ असेल तर अडीच दिवस. गोल्डफिशला थोडे जास्त धरा, २१-२२ अंशांना चार ते पाच दिवस आणि २५ ला तीन.

रोहू-कटला हे तर उतावळे. २७-२८ अंशांना १४ ते १८ तासांत अंडी फुटतात. रात्री दिलेली अंडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिल्लं झालेली असतात. फायटरला २४ ते ४८ तास, एंजलला सुमारे ६० तास.

पण हा गुणाकार सोन्याचा काटा नाही. रेनबो ट्राउटचं जुनं मोजमाप बघा: ४.५ अंशांना ८० दिवस, १० अंशांना ३१ दिवस, १५.५ अंशांना १९ दिवस. गुणाकार केले तर अनुक्रमे ३६०, ३१० आणि २९५ येतात. एकच आकडा येत नाही. थंडीकडे जावं तसा खर्च वाढतो, कारण वाढीचा वेग शून्य अंशापासून सरळ रेषेत चढत नाही. म्हणून अंश-दिवसांचा हिशेब त्या माशाच्या मानवणाऱ्या पट्ट्यातच वापरा. १४ अंशांच्या पाण्यात फायटरची अंडी ठेवून "चार दिवसांत भरपाई होईल" असं गणित मांडलंत तर चौथ्या दिवशी फक्त बुरशी मिळेल.

झेब्राफिशचा एवढा गाजावाजा का? तो तर पन्नास रुपयांना मिळतो.

मिळतो, आणि तो मुळात आपल्याच उपखंडातला, गंगेच्या खोऱ्यातल्या ओहोळांत आणि भातखाचरांत सापडणारा. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टनने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आज जगभर गर्भाच्या वाढीचा अभ्यास त्याच्यावर होतो, कारण अंडं पारदर्शक असतं आणि एका दिवसात हृदय धडधडताना दिसतं.

आपल्याला त्याचा उपयोग असा की त्याच्या वाढीचं आणि तापमानाचं सूत्र ठरलेलं आहे. तापमानाला ०.०५५ ने गुणा, त्यातून ०.५७ वजा करा. २८.५ अंशांना उत्तर जवळपास १ येतं. २५ अंशांना ०.८ येतं, म्हणजे जे काम २८.५ ला २४ तासांत होतं त्याला इथे ३० तास लागतील. ३३ अंशांना तेच १९ तासांत उरकतं. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी काही हवं असेल तर याहून सोपा आणि देखणा प्रयोग नाही: दोन भांडी, दोन तापमानं आणि एक साधं भिंग.

दुपारी थर्मामीटर २७ दाखवत होता. तरी सगळी अंडी पांढरी पडली. असं का?

हा प्रश्न फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यात जास्त येतो, आणि इथे सविस्तर बोलायला हवं.

माळव्याची रात्र प्रसिद्ध आहे. पठार, कोरडी हवा, मोकळं आकाश, सूर्य मावळला की जमीन भराभर थंड होते. मार्चमध्ये दुपारी ३४ आणि पहाटे १७-१८ हे इंदूरला नेहमीचं. माणसाला ही रात्र सुखाची वाटते, गच्चीवर खुर्च्या टाकून बसावंसं वाटतं. पण वीस लिटरच्या टबातलं पाणी तेवढ्या वेळात सात-आठ अंश उतरतं. दोनशे लिटरच्या टँकमध्ये तेच उतरणं दोन-तीन अंशांवर थांबतं. हौशी लोक अंडी उचलून मुद्दाम छोट्या भांड्यात ठेवतात, म्हणजे जिथे तापमान सर्वांत जास्त हेलकावतं नेमकं तिथेच.

दुसरी गोष्ट वेळेची. गर्भाच्या आयुष्यात सगळे तास सारखे नाजूक नसतात. पहिल्या पेशीविभाजनापासून पेशींची चादर बलकावर पसरून पूर्ण होईपर्यंतचा काळ सर्वांत हळवा. झेब्राफिशमध्ये २८.५ अंशांना ही चादर पसरण्याची अवस्था सुमारे सव्वाचार तासांनी सुरू होते आणि दहाव्या तासाला संपते. याच काळात शरीराचा डोक्या-शेपटीचा अक्ष ठरतो. तेव्हा पाणी एकदम उतरलं किंवा चढलं तर गर्भ मरतो, नाहीतर पुढे वाकड्या पाठीचं, गुंडाळलेल्या शेपटीचं पिल्लू निघतं. एकदा डोळ्यांचे काळे ठिपके दिसू लागले की तोच गर्भ बराच दणकट झालेला असतो.

आता हिशेब करा. फायटरने दुपारी दोन-तीनला अंडी दिली, तर हळवे तास दुपारी सुरू होऊन मध्यरात्रीपलीकडे जातात, आणि तेव्हाच खोली थंड होत असते. गोल्डफिश पहाटे अंडी देतो, पण त्याचं पाणी २० अंशांचं, घड्याळ मंद, त्यामुळे त्याचाही हळवा काळ लांबत संध्याकाळपर्यंत आणि पुढे रात्रीत सरकतो. दुपारचा २७ खरा होता, पण अंड्यांचा निकाल रात्री लागला.

या हळवेपणाचा शास्त्रज्ञ मुद्दाम उपयोगही करतात. फलनानंतर काही मिनिटांतच अंड्यांना थोडा वेळ गरम किंवा थंड पाण्याचा झटका दिला की गुणसूत्रांचा एक जादा संच आतच अडकतो आणि तीन संचांचे, म्हणजे सहसा वांझ मासे तयार होतात. ट्राउटमध्ये हे व्यापारी पातळीवर चालतं. ज्या झटक्याने गुणसूत्रांची वाटणी बदलते, तो आपण नकळत हीटरचं बटण बंद करून देत असतो.

मग मोजायचं कधी आणि कुठे?

पहाटे सहाला आणि दुपारी चारला. थर्मामीटर पाण्यात अंडी जिथे आहेत त्याच पातळीवर हवा. काचेवर बाहेरून चिकटवायची रंगीत पट्टी पाण्यापेक्षा खोलीचीच बातमी जास्त देते. ती शोभेला ठेवा.

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चालेल का?

क्लोरीन उडालं असेल तर पाणी म्हणून चालेल, तापमान म्हणून नाही. इंदूरला नर्मदा एक दिवसाआड येते, त्यामुळे साठवणं सगळ्यांनाच आलं. नर्मदेचं पाणी शहराला मिळावं म्हणून झालेल्या १९७० च्या आंदोलनानंतर १९७८ मध्ये नदीकाठच्या जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून, हे पाणी पठारावर चढवून आणलं गेलं, आणि मग ते आपण काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीत ओतून उन्हात ठेवतो. एप्रिल-मेच्या दुपारी त्या टाकीतल्या पाण्याने हात पोळतो. जानेवारीच्या सकाळी तेच पाणी बर्फासारखं लागतं.

जुन्या वाड्यांत जमिनीखालचा हौद असे. ज्यांच्याकडे अजून आहे त्यांनी त्याचंच पाणी घ्यावं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी बादलीत पाणी काढून टँकच्याच खोलीत एक दिवस ठेवावं. क्लोरीनही उडतं आणि तापमानही जुळतं. अंडी असलेल्या भांड्यात पाणी घालताना फरक एक अंशाच्या आत हवा. हाताने अंदाज घेऊ नका, तीन अंशांचा फरक हाताला कळत नाही.

गरम पाण्यात लवकर फुटतात, तर मग ३२ वर ठेवलं तर काय बिघडलं?

बरंच बिघडतं.

वेग वाढतो पण काम अर्धवट होतं. गरम पाण्यात अंडी लवकर फुटतात, तेव्हा पिल्लं बहुधा आखूड असतात. बलक शरीर बांधण्यापेक्षा नुसत्या श्वासात जास्त जळतो. मणक्यांची संख्यासुद्धा तापमानावर थोडी हलते: सर्वसाधारणपणे थंड पाण्यात वाढलेल्या माशांचे मणके जास्त असतात, याला जॉर्डनचा नियम म्हणतात. तो सगळीकडे लागू पडतोच असं नाही, पण गर्भावस्थेतलं तापमान हाडांपर्यंत पोचतं एवढं त्यातून कळतं.

मग ऑक्सिजन. समुद्रसपाटीला २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना ७.६, ३५ ला ७. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे त्यातून आणखी सुमारे सहा टक्के वजा करा. म्हणजे गर्भाची मागणी वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. गच्च चिकटलेल्या अंड्यांच्या झुबक्यात मधली अंडी सर्वांत आधी गुदमरतात. एंजलचे आईबाप परांनी सतत वारा घालतात तो उगाच नाही. तुम्ही आईबाप बाजूला काढलेत तर हवेचा दगड अंड्यांजवळ, पण बुडबुडे थेट त्यांच्यावर आदळणार नाहीत असा लावा.

आणि अमोनिया. पाण्याचा पीएच ८ असेल तर २० अंशांना एकूण अमोनियातला सुमारे ३.८ टक्के भाग विषारी रूपात असतो, ३० अंशांना ७.५ टक्के. घाण तेवढीच, विष दुप्पट. पिल्लांच्या भांड्यात खाऊ जास्त पडला आणि पाणी गरम असलं की सकाळी सगळी तळाशी दिसतात ती यामुळेच.

उन्हाळ्यात पाणी थंड कसं ठेवू? बर्फ टाकू का?

सुटा बर्फ नको. आणीबाणीत बंद बाटलीत गोठवलेलं पाणी तरंगवता येतं, पण तासाला एक अंशाहून जास्त उतरू देऊ नका.

त्यापेक्षा पंखा लावा. टँकचं झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा सोडला की एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाणी सहज दोन-तीन अंश उतरतं. माठातलं पाणी थंड होतं तसंच. अर्थात पाणी आटतं, ते रोज भरावं लागतं. पहिला पाऊस पडला आणि हवा दमट झाली की ही युक्ती लंगडी पडते, पण तोवर उन्हाचा जोरही मोडलेला असतो. मुंबई-कोकणातल्या नातेवाइकांना हा सल्ला देऊ नका, तिथे पंख्याने फारसं काही होणार नाही.

हिवाळ्यात किती वॉटचा हीटर लावावा?

लिटरमागे एक वॉट हा नेहमीचा हिशेब, पण डिसेंबर-जानेवारीत इंदूरच्या बंद खोलीतही पारा १५ पर्यंत येतो, आणि तुम्हाला २७ हवं असतं. तेव्हा पन्नास लिटरला १०० वॉट धरा. शक्यतो ५०-५० चे दोन घ्या. एक चालूच अडकून राहिला तर पाणी उकळणार नाही, एक बंद पडला तर गोठणार नाही. टँकच्या खाली आणि तीन बाजूंना थर्माकोल लावला की निम्मं काम फुकटात होतं, आणि वरचं झाकण थर्माकोलपेक्षाही महत्त्वाचं, कारण ऊब सर्वांत जास्त वरून जाते.

रात्री लाईट गेली तर?

घाबरून गरम पाणी ओतू नका, हे पहिलं. थंडीच्या रात्री पन्नास लिटरचा टँक तासाला साधारण एक अंश उतरतो. ब्लँकेट गुंडाळलं तर त्याहून हळू. दोन तासांच्या भारनियमनाने आपत्ती येत नाही. इन्व्हर्टर असेल तर त्यावर हीटर लावून बॅटरी संपवण्यापेक्षा हवेचा पंप लावा, तो तीन-पाच वॉटच खातो. लांबलंच तर गरम पाण्याची घट्ट बंद बाटली टँकमध्ये तरंगवा. लाईट आल्यावर पाणी हळूहळू चढू द्या. चढतानाचा झटकाही झटकाच असतो.

बुरशी तापमानामुळे लागते का?

बुरशी आधी मेलेल्या किंवा न फळलेल्या अंड्यावर बसते आणि तिथून शेजारच्या जिवंत अंड्यांवर धागे टाकते. थंड पाण्यात दोन गोष्टी होतात: अंडी फुटायला वेळ लागतो आणि बुरशीला तेवढी मुदत मिळते. पांढरी अंडी ड्रॉपरने काढत राहा, पाणी फिकट निळं दिसेल इतकं मिथिलीन ब्लू घाला. पण तापमान स्थिर नसेल तर औषधाने अंडी वाचत नाहीत.

पांढरं, दुधी अंडं मेलेलं. पारदर्शक, किंचित पिवळसर किंवा डोळ्यांचे ठिपके दिसणारं अंडं फक्त उशीर करतंय, त्याला फेकू नका.

फायटरच्या बुडबुड्यांच्या घरट्यावर झाकण ठेवावं का?

हो, प्लॅस्टिकची फिल्म ताणून. घरटं पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगतं, म्हणून तिथे पाण्याबरोबर हवेचं तापमानही लागू पडतं. शिवाय फायटर वरची हवाही श्वासात घेतो, आणि त्यासाठीचा अवयव पिल्लांत जन्मतः नसतो, काही आठवड्यांनी तयार होतो. तोवर वरची हवा ऊबदार आणि दमट ठेवणं शहाणपणाचं.

पिल्लं फुटली. खायला कधी घालू?

लगेच नाही. पिल्लाच्या पोटाखाली बलकाची पिशवी असते, ती संपत आली आणि पिल्लू आडवं पोहू लागलं की. पण "कधी" हे पुन्हा तापमानच ठरवतं. रोहू-कटल्याचा बलक २८ अंशांच्या आसपास तीन दिवसांत संपतो. फायटरची पिल्लं फुटल्यावर दोन-तीन दिवसांत पोहू लागतात, एंजलची साधारण पाच दिवसांत. पाणी थंड असेल तर हे सगळं लांबतं.

गोम अशी की बलक संपल्यावर अन्न मिळालं नाही तर एक टप्पा असा येतो की त्यानंतर खाऊ समोर ठेवला तरी पिल्लू खाऊ शकत नाही. गरम पाण्यात तो टप्पा लवकर येतो. म्हणून उन्हाळ्यात खाऊ आधीच तयार हवा, हिवाळ्यात थोडी सवड असते.

पिल्लांच्या खाऊसाठी आर्टेमिया (कोळंबीच्या जातीचा बारीक जीव) लावत असाल तर तीही अंडीच, तिलाही हाच नियम. २६ ते २८ अंशांना चोवीस तासांत फुटते. जानेवारीत स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेली बाटली दीड-दोन दिवस घेते, आणि लोक दुकानदाराला बोल लावतात की माल जुना दिला. बाटली टँकच्या पाण्यात अर्धी बुडवून ठेवा, त्याच हीटरवर तिचंही काम होतं.

माझं शेततळं आहे. रोहू-कटला त्यात आपोआप अंडी घालतील का? तापमान तर बरोबर आहे.

नाही घालणार. इथे तापमान पुरेसं नाही. या माशांना पावसाळ्यातलं नवं, वाहतं, चढतं पाणी लागतं. साचलेल्या तळ्यात अंडाशय भरतो आणि तसाच राहतो. हे कोडं १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे सुटलं, जेव्हा हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी मिळवली. १० जुलै हा आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन आहे. त्यानंतर हॅचऱ्या आल्या, आता बहुतेक ठिकाणी गोल चायनीज हॅचरी असते, जिच्यात पाणी सतत फिरतं आणि अंडी तरंगत राहतात. टोचणी सहसा संध्याकाळी देतात, अंडी रात्री पडतात.

तारीख जुलैची आहे हा योगायोग नव्हे. माळव्यात जूनच्या उत्तरार्धात पाऊस आला की तळ्यांचं पाणी २६ ते २९ अंशांत स्थिरावतं. ढग असल्याने दिवसा फार चढत नाही, रात्री फार उतरत नाही. जी स्थिरता आपण मार्चमध्ये हीटर, थर्माकोल आणि ब्लँकेटने आणायची धडपड करतो, ती पावसाळा फुकट देतो. टँकवाल्यांनाही माझा सल्ला हाच असतो: पहिल्यांदाच पिल्लं काढत असाल तर जुलै-ऑगस्ट निवडा.

कॉमन कार्प मात्र साचलेल्या पाण्यात, हायड्रिलासारख्या वनस्पतींवर अंडी चिकटवतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्येही. ते हवं असो वा नसो.

मत्स्यजिरे, म्हणजे माशांची नुकती फुटलेली बारीक पिल्लं, पिशवीतून आणले. तळ्यात सोडताना काय बघायचं?

पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तरंगू द्या, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या, मग पिशवी आडवी करा आणि जिरे आपले आपण बाहेर पडू द्या. सकाळी ऊन चढायच्या आत सोडा, पण अगदी पहाटे नको, कारण तळ्यातला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो. दुपारी तर मुळीच नको: वरचा हातभर थर ३४-३५ असतो आणि खाली पाच-सहा अंशांनी कमी. नाजूक जिरं त्या वरच्या थरातच पडतं.

तळं निदान दीड मीटर खोल ठेवा. लांब उन्हानंतर एकदम थंड पावसाची सर आली की वरचं पाणी जड होऊन खाली बसतं, तळचं कमी ऑक्सिजनचं पाणी वर येतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मासे तोंड वर काढून हपापताना दिसतात. तशा रात्री एरेटर चालू ठेवा किंवा पंपाने तळ्याचंच पाणी उडवा.

तापमानाने नर-मादी ठरते म्हणतात. खरं का?

काही जातींत खरं. अर्जेंटिनातल्या पेहेरे नावाच्या माशाची पिल्लं १७ अंशांना वाढवली तर जवळपास सगळ्या माद्या होतात, २९ अंशांना सगळे नर. तिलापियाची पिल्लं खायला लागल्यापासूनचे पहिले काही दिवस ३५ अंशांच्या आसपास ठेवली तर नरांचं प्रमाण वाढतं, किती ते वाणावर अवलंबून. झेब्राफिशमध्येही उष्णतेने पारडं नरांकडे झुकतं. पण "फायटरचे नर जास्त किंमतीला जातात, मग ३३ वर वाढवतो" हा बेत सोडा. नर वाढोत न वाढोत, पिल्लं नक्की कमी होतील.

गप्पी अंडी देत नाही, मग त्याला हे लागू नाही ना?

लागू आहे. गर्भ आईच्या पोटात असला तरी आईचं अंग पाण्याइतकंच गरम. २५-२६ अंशांना पिल्लं साधारण महिन्याने होतात, थंडीत लांबतं. एवढंच.

नर्मदेतली महाशीर कमी झाली, त्याचा तापमानाशी संबंध आहे का?

एकट्या तापमानाशी नाही. महाशीर मध्य प्रदेशचा राज्य मासा आहे. तिला वाहतं, स्वच्छ, ऑक्सिजनने भरलेलं पाणी आणि गोटे-वाळूचा तळ लागतो. इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर यांच्यामुळे नदीचे लांबच लांब पट्टे जलाशय झाले. वाळूउपसा आणि मासेमारी वेगळी. त्यात तिची अंडी रोहूसारखी तासांत नाही, काही दिवसांनी फुटतात, तेवढे दिवस गाळ आणि शत्रू यांच्या तोंडी.

तापमानाचा भाग असा: खोल जलाशयात वरचं पाणी तापतं आणि तळचं थंड राहतं. तळातून पाणी सोडलं की खालच्या नदीचं ऋतुचक्रच सरकतं, उन्हाळ्यात ती जरुरीपेक्षा थंड होते. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोऱ्यात धरणांखालच्या अशा थंड पाण्याने स्थानिक माशांची वीण बिघडल्याचं चांगलंच ठाऊक आहे.

पिल्लं मोठी झाली. हीटर कधी काढू, बाहेर कधी ठेवू?

अंगावर खवले दिसू लागले आणि आकार आईबापांसारखा झाला की पिल्लू हेलकावे बरेच सोसतं. तरी एकदम काढू नका, रोज अर्धा अंश खाली आणत न्या. गोल्डफिशची पिल्लं मार्चअखेरीस गॅलरीतल्या मोठ्या टबात जाऊ शकतात, सावली असेल आणि टब शंभर लिटरच्या वरचा असेल तर. फायटर-एंजलची पिल्लं जूनपर्यंत आतच बरी. बाहेर नेण्याआधी तीन-चार दिवस रिकाम्या टबात पाणी भरून पहाटे सहाला मोजून बघा. फायटर-एंजलसाठी ते २४ च्या खाली जात असेल तर आणखी आठवडाभर थांबा.